नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या बऱ्याच जणींनी विचारणा केली, म्हणून ते लिहून घेऊन येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अंगणवाडी’ एवढंच लिहिलंय. पण मी सुरुवात करणार आहे कर्जाच्या वहीपासून, कारण ती आपल्या सगळ्यांना वाचता येते.

गेल्या जून महिन्यात मी एका गटाच्या बैठकीला बसले होते. एका ताईंनी १५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण, मुलाची फी. मुलगा पाच वर्षांचा. त्याला तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेच्या लहान वर्गात घालायचं होतं, गाडीनं जायचं, गाडीनं यायचं. धाकटी मुलगी साडेतीन वर्षांची. कुणीतरी विचारलं, “आणि हिचं काय?” ताई म्हणाल्या, “ती राहू द्या की अंगणवाडीत. तिथं काय, नुसतं खेळवतात, खिचडी देतात. शिकवत काहीच नाहीत.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली. ठराव झाला, सह्या झाल्या.

आता हिशोब करा. दहा हप्ते, दरमहा दोन टक्के. पहिल्या महिन्याला ३०० रुपये व्याज, दुसऱ्याला २७०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला ३०. एकूण व्याज १,६५०. म्हणजे १५,००० चे झाले १६,६५०. व्याज आपल्याच गटात राहतं, हे खरं. पण फेडणारी बाई एकटीच फेडते. सोयाबीन निघेपर्यंत त्या ताईंचा एकही हप्ता वेळेवर आला नाही, आणि त्याबद्दल बैठकीत त्यांना बोलणी बसली, तीही माझ्यासमोर.

पुढे हिवाळ्यात मी त्याच गावच्या अंगणवाडीत गेले. माझं काम दहा मिनिटांचं होतं. पण सेविकाताई मुलांत होत्या, म्हणाल्या, “बसा थोडं, गोल सुटला की बोलू.” मी बसले, ती अडीच तास बसले. मी समाजकार्य शिकले, बालविकासाचा पेपरही दिला, पासही झाले. पण त्या दिवशी जे कळलं ते पेपरात कळलं नव्हतं. तेच तुम्हाला सांगायचंय.

सकाळी आल्या आल्या मुलांनी चपला एका ओळीत लावल्या. प्रत्येकानं आपली जोडी शोधून, डावी-उजवी बघून. मग गोल. गोलात बडबडगीत, टाळ्या, उड्या. मग ताईंनी विचारलं, “आज कोण आलं नाही?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणालं, अमका नाही, त्याला ताप आहे. एवढ्याशा पोरानं सगळ्यांवरून नजर फिरवली, कोण कमी आहे ते ओळखलं आणि पूर्ण वाक्यात सांगितलं. आपण मात्र म्हणतो, शिकवत नाहीत.

मग चार कोपऱ्यांत चार कामं. एका कोपऱ्यात चिंचोके, तुरीचे दाणे, मक्याचे दाणे एकत्र करून ठेवलेले. ते निवडून वेगवेगळ्या वाट्यांत घालायचे. दुसरीकडे ओली माती, गोळे करा, साप करा, चूल करा. तिसरीकडे भेंडी कापून तिचे रंगात बुडवलेले ठसे. चौथीकडे भातुकली. कुणी आई, कुणी दुकानदार, आणि एक पोरगी चक्क बचत गटाची बैठक घेत होती. “हप्ता आणला का?” म्हणून दुसरीला दरडावत होती. मला हसू आवरेना. आपण घरी कशा बोलतो, ते सगळं तिथं दिसतं बघा.

आता यातून शिकतात काय, ते एकेक बघू.

दाणे निवडताना मूल बघतं की हे आणि ते सारखं आहे, हे वेगळं आहे. गणिताची सुरुवात इथून होते. सारखं-वेगळं, लहान-मोठं, कमी-जास्त हे कळल्याशिवाय बेरीज कळत नाही. शिवाय तुरीचा दाणा चिमटीत धरायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं. पेन्सिलही त्याच चिमटीत धरायची असते. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात. त्याच्याकडून रोज पानभर ‘अ’ गिरवून घेतला तर हात दुखतो, मूल रडतं, आणि आपण म्हणतो, याला अभ्यासाची आवडच नाही. मातीचे गोळे करणारा हात मात्र न रडता तयार होतो.

बडबडगीतात सारखे आवाज पुन्हा पुन्हा येतात. कान तयार होतो. ‘काका’ आणि ‘काकू’ यांत शेवटी काय बदललं, हे ज्या मुलाला ऐकून कळतं, त्याला पुढे काना आणि उकार वाचताना कळतो. वाचन डोळ्यांनी होतं असं आपल्याला वाटतं, पण त्याची तयारी आधी कानात होते.

गोष्ट ऐकताना मूल क्रम धरतं. आधी काय झालं, मग काय झालं, आता काय होईल. त्या दिवशी ताई गोष्ट मध्येच थांबवून विचारत होत्या, “आता म्हातारी काय करेल?” प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकालाही ‘चूक’ म्हणाल्या नाहीत.

आणि खिचडीच्या वेळी दोन मुलांना ताटल्या वाटायला दिल्या. एका मुलापुढे एक ताटली. शेवटी दोन ताटल्या उरल्या. ताईंनी विचारलं, “का उरल्या?” मुलगी म्हणाली, “दोघं आले नाहीत म्हणून.” वाटप करता करता वजाबाकी झाली, कुणाला कळलंही नाही.

तिथून मी त्या कर्जवाल्या ताईंच्या घरी गेले. मुलगा शाळेतून आला होता. ताई कौतुकानं म्हणाल्या, “म्हणून दाखव मॅडमला.” त्यानं इंग्रजीत पन्नासपर्यंत आकडे म्हटले, धडाधड. मी त्याच्यापुढे चिंचोके ठेवले आणि म्हटलं, “यातले मला पाच दे बरं.” त्यानं मूठ भरून दिले. परत म्हटलं, परत मूठ. मग धाकटी पुढे आली. तिला तीन मागितले, तिनं एक-एक करून तीन दिले. पाच मागितल्यावर तीही गडबडली, कारण तिचं वय तेवढंच आहे. मुलगा काही कमी हुशार नाही हो. त्याला आकडे पाठ करायला दिले होते, वस्तू हातात दिल्या नव्हत्या, एवढंच. ताई काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “मग मी पैसे कशाचे भरतेय?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण ठरावावर माझीही सही होती.

बायांनो, अंगणवाडी ही काही फुकट मिळते म्हणून हलकी गोष्ट नाही. ‘अंगण’ हा शब्दच बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली बोर्डीला, आत्ताच्या पालघर जिल्ह्यात, गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते जवळच्या कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी नव्हती. बिया, पानं, शिंपले, माती हेच साहित्य. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, सुरुवातीला देशभरात फक्त ३३ ठिकाणी. तिच्या सहा सेवा ठरल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषणाचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. आपण विचारतो फक्त आहाराचं. सहावी सेवा आपण कधी मागितलीच नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरलाय आणि तो खेळातून, घरच्या भाषेतून व्हावा असं म्हटलंय.

आता तुमच्या मनात आलंच असेल, “आमच्या गावात असं काही होत नाही, मॅडम.” बरोबर आहे. मीही अशा अंगणवाड्या पाहिल्यात, जिथं मुलं भिंतीला टेकून बसतात, खिचडी खातात, घरी जातात. तिथलं कौतुक मी करणार नाही. पण कारणही बघू या. सेविकाताईंकडे वजनं, उंची, नोंदवह्या, मोबाईलवरची माहिती, गरोदर मातांच्या भेटी, वर सर्वेक्षणं. मानधनासाठी मोर्चे काढावे लागतात. खेळणी असली तर हरवतील म्हणून कपाटात बंद. अशा वेळी बाहेर उभं राहून नावं ठेवून काही बदलत नाही. आपण काय करू शकतो, ते सांगते.

एक. प्रत्येक गटातून दोघी जणी महिन्यातून एक सकाळ अंगणवाडीत बसा. तपासणीला गेल्यासारखं नाही, लेकीच्या घरी गेल्यासारखं. एखादीनं गोष्ट सांगावी, एखादीनं जात्यावरचं गाणं म्हणावं. तेवढ्या वेळात सेविकाताईंचं एक रजिस्टर पूर्ण होईल.

दोन. साहित्य गोळा करा. चिंचोके, मोठ्या बिया, बाटल्यांची झाकणं, धुतलेल्या चिंध्या, रिकामे डबे. पण ध्यानात ठेवा, तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती बारीक दाणे द्यायचे नाहीत. नाकात-घशात अडकतात. मोठ्यांनाही देताना कुणीतरी समोर बसायचं.

तीन. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. तिथं उठून विचारा, या वर्षी अंगणवाडीला काय घेतलं? विचारलेलं इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्त काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

चार, आणि हे सगळ्यात सोपं. घरी. तुरीच्या शेंगा सोलताना पोराला जवळ घ्या, “या शेंगेत किती निघाले?” विचारा. भाकरी थापताना पिठाचा छोटा गोळा त्याच्या हातात द्या. कपड्यांच्या घड्या घालताना “बाबांचे इकडे, तुझे तिकडे.” जेवायला ताटं मांडायला सांगा, आणि हो, मुलीला सांगाल तसं मुलालाही सांगा. आणि अंगणवाडीतून आल्यावर “आज काय लिहिलं?” असं विचारू नका. “आज काय केलं?” असं विचारा. मग बघा किती बोलतं.

एक मावशी मागे मला म्हणाल्या होत्या, “तुझं लग्न नाही, लेकरू नाही, तू काय सांगतेस?” त्यांचं खरं आहे. पण तुम्ही या सगळ्या गोष्टी आधीपासून करता. त्यालाच शिकवणं म्हणतात, एवढंच मी सांगायला आले.

शेवटी परत कर्जाच्या वहीवर येते. मुलाच्या फीसाठी कर्ज देऊ नका, असं मी म्हणत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं. काही गावांत अंगणवाडी खरंच बंद पडल्यासारखी आहे, तिथं आईचा नाइलाज असतो. माझी विनंती एवढीच, की सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी कर्ज मागितलं तर सही करण्याआधी गटानं दोन प्रश्न विचारावेत. ताई, तू गावच्या अंगणवाडीत एक सकाळ बसून आलीस का? आणि घरात मुलगी असेल, तर तिच्यासाठीही हेच ठरवलंस का?

हे दोन प्रश्न मी जूनमध्ये विचारायला हवे होते. विचारले नाहीत. त्या ताईंचे तीन हप्ते अजून बाकी आहेत. आता त्या दर गुरुवारी अंगणवाडीत गोष्ट सांगायला जातात, आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी आईबरोबर तिथं येऊन चिंचोके मोजत बसतो. गेल्या वेळी त्यानं मला न मागता पाच दिले.

पुढच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघानं सांगायचं आहे, कोण दोघी गेल्या आणि काय पाहिलं. चांगलं असेल ते सांगा, वाईट असेल तेही सांगा. मी वहीत लिहून घेणार आहे.