मथळ्यातून पळालेले 'आहे'

'मुंबईत मुसळधार, लोकल ठप्प'. या चार शब्दांत पाऊस नाही, गाडी नाही, क्रियापदही नाही. तरी डोंबिवलीच्या फलाटावरचा माणूस एवढे वाचून घरी परततो.

1897 मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तल्या अग्रलेखाला मथळा दिला : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' कर्ता, क्रियापद, प्रश्नचिन्ह, सगळे साग्रसंगीत. अग्रलेखाला जागेची चणचण कमी, हे खरे. बातमीच्या दोन कॉलमी मथळ्यात मात्र उपसंपादकाची कात्री आधी 'आहे'वरच चालते. मराठीत ते गेले तरी फारसे अडत नाही. 'शाळा बंद', 'धरण भरले', 'कांदा घसरला'. हा कांदा कुणाच्या हातून नव्हे, लासलगावच्या बाजारात घसरलेला असतो.

मग आद्याक्षरे. शेतकरी कामगार पक्षाचा शेकाप, महाविकास आघाडीची मविआ. रिपब्लिकन पार्टी ऑफ इंडियाच्या 'रिपाइं'त तर देश एका 'इं'वर भागवला जातो. 'आणीबाणी'वरून 'पाणीबाणी' घडवणारा उपसंपादक कोण होता कोण जाणे. टँकरची वाट पाहणारी अख्खी वस्ती त्याने एका शब्दात बसवली.

सगळ्यात गमतीचे आहे ते एकेरी अवतरणचिन्ह. 'लाच घेताना 'शिक्षण'चा अधिकारी अटकेत' असे छापतात. शाळेत सामान्यरूप करून 'शिक्षणाचा' असे लिहायला शिकवतात. मथळ्यात ते सामान्यरूप दोन चिन्हांच्या कुंपणाबाहेर थांबते, कारण आतले 'शिक्षण' म्हणजे शिक्षण विभाग. डोळ्यांना हे कळते, कानांना नाही. म्हणून रेडिओच्या ठळक बातम्यांत 'विभाग' परत आणावा लागतो, आणि पळालेले 'आहे'सुद्धा.

एवढी काटकसर चालेल. पण 'मंत्र्यांची चौकशी' हा मथळा घ्या. मंत्र्यांनी चौकशी केली, की मंत्र्यांचीच चौकशी झाली? मंत्री एक आणि आदरार्थी बहुवचन, की चांगले चार-पाच? 'ची' हा प्रत्यय दोन्हीकडे मान डोलावतो, आणि चहाच्या टपरीवर नुसता मथळा वाचणारा आपल्या पक्षाला सोयीचा अर्थ घेऊन पुढे जातो. 'मंत्र्यांकडून चौकशी' एवढे केले तरी घोळ मिटतो. उपसंपादकांनो, 'आहे' खुशाल कापा. कोणी कोणाला काय केले, तेवढे मात्र राहू द्या.