डोंगरात नेण्याचे उबदार जॅकेट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळातल्या नऊ जणी येत्या मे महिन्यात हिमालयात पायी हिंडायला जायच्या आहेत. बूट कसे घ्यावेत, सामान किती न्यावे, हे सांगायला जाणती माणसे आहेत. थंडीचे जॅकेट कसे निवडावे एवढा एकच विषय चालकबाईंनी माझ्याकडे दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आणि हिमालय मी पाहिला तो एकदाच. पण या एका बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

डिसेंबर 2022 मध्ये माझी मुलगी मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला गेली. ते शिखर सुमारे 3,800 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. दर हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्यात डिसेंबरचा बर्फ. आईचे मन, काळजीने मी दुकानातले सर्वांत जाड जॅकेट निवडले. आत सुती अस्तर, आणि वजन तर असे की खुंटीला टांगले तर खुंटी वाकावी. "हे अंगावरून काढू नकोस हो," असे दहा वेळा बजावले.

पोरीने आईचा शब्द पाळला आणि तेच वाईट झाले. चढाच्या वाटेवर ती ते घालूनच चालली. घामाने अस्तर ओलेचिंब झाले. संध्याकाळी मुक्कामाला थांबल्यावर तेच ओले अस्तर अंगाला चिकटले. हुडहुडी भरली, बोलताना जीभ जड होऊ लागली. वाटाड्या शहाणा होता. त्याने मैत्रिणींना सांगून तिचे कपडे बदलवले, तिला झोपायच्या पिशवीत घातले आणि गरम गोड चहा पाजला. निभावले. पण घरी येऊन ती हे सांगत होती तेव्हा माझी तव्यावरची पोळी करपून गेली तरी मला कळले नाही.

मग मी विचारपूस सुरू केली. दुकानदारांना विचारले, डोंगरात जाणाऱ्या मुलामुलींना विचारले, आणि मला उमगले की हे सगळे आपण बायका जाणतोच. जॅकेटमध्ये ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची, जॅकेट ती फक्त धरून ठेवते, आणि धरते ते आत कोंडलेल्या स्थिर हवेमुळे. कापसाची दुलई वापरून वापरून चपटी झाली की ऊब देत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला की तीच दुलई, तेवढ्याच वजनाची, पुन्हा उबदार होते. कापूस तोच, फक्त त्यात हवा भरली. डोंगरातले हलके जॅकेट म्हणजे अंगावर घालायची दुलईच. आता सांगा, चुलीपुढे भाकऱ्या थापताना आपण दुलई पांघरतो का?

म्हणून पहिला नियम ध्यानात ठेवा. चालताना पातळ कपडे घालावेत, तेही सुती नकोत, लवकर वाळणाऱ्या धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे. जॅकेट पिशवीत वरच्या बाजूला ठेवावे आणि थांबल्याबरोबर, अंग गार पडायच्या आत चढवावे. दिवसातला बराच वेळ ते पाठीवर वाहायचे असल्यामुळे हलके हवे आणि घडी लहान व्हायला हवी. मी आता स्वयंपाकघरातला वजनकाटा बरोबर घेऊनच दुकानात जाते. लोक हसतात, हसू देत. पहिले जॅकेट घरी तोलले तेव्हा 1 किलो 600 ग्रॅम भरले. दुसरे घेतले ते 420 ग्रॅमचे. साधारण 300 ते 450 ग्रॅमपर्यंतचे चांगले मिळते.

आत भरतात काय? दोन प्रकार आहेत. एक डाऊन. बदकांच्या आणि गूज पक्ष्यांच्या कणखर पिसांखाली जी मऊ लव असते, ती ही. वजनाच्या मानाने तिच्याइतकी ऊब दुसऱ्या कशात क्वचितच, आणि घडी मुठीएवढी होते. पण ती ओली झाली की गोळा होऊन बसते आणि ऊब जाते. दुसरा प्रकार पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांचा कृत्रिम कापूस. तेवढ्याच उबेसाठी तो थोडा जड, घडीही मोठी होते, आणि दाबून दाबून काही वर्षांत चपटा होतो. मात्र ओला झाला तरी थोडीफार ऊब राखतो, लवकर वाळतो आणि स्वस्त पडतो. कोरड्या कडाक्याच्या थंडीत डाऊन चांगले. जिथे पाऊस, गारा, वितळता बर्फ किंवा घाम यांची भीती, तिथे कृत्रिम चांगले. आपल्यात माळकरी भगिनी आहेत, पक्ष्याची पिसे अंगावर नकोत असे ज्यांना वाटते त्यांनीही कृत्रिमच घ्यावे. डाऊन घेणाऱ्यांनी, जिवंत पक्ष्याची पिसे उपटलेली नाहीत असे प्रमाणपत्र असलेला माल मागावा.

डाऊनच्या चिठ्ठीवर 'फिल पॉवर' म्हणून आकडा असतो. 600, 700, 800 असा. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम लव फुगून किती घन इंच जागा व्यापते, तो हा आकडा. जुना तांदूळ आणि नवा तांदूळ एकाच मापाने घेतला तरी भात सारखा फुगत नाही, तसेच हे. आकडा मोठा तर लव जास्त फुगणारी. पण दुकानदार एवढाच आकडा दाखवून मोठी किंमत सांगतात, तिथे फसू नका. तांदूळ कितीही जुना असला तरी मूठभर घेतला तर दहा पाने जेवणार नाहीत. आत लव किती ग्रॅम भरली आहे तेही विचारा. 800 ची 60 ग्रॅम लव असलेल्या जॅकेटपेक्षा 600 ची 150 ग्रॅम असलेले जास्त ऊब देईल.

आता अंगावर घालून कसे पाहावे ते सांगते. आत स्वेटर घालून मग जॅकेट चढवा. दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडता कामा नये, बाह्या मनगटावरून वर सरकता कामा नयेत. दोरावर चढाई करणाऱ्या मुलींनी कमरेचा पट्टा बांधूनच पाहावे. जॅकेट पट्ट्याखालून निघून येऊ नये आणि खिसे पट्ट्याखाली दबू नयेत. टोपी असेल तर ती शिरस्त्राणावरून बसते का तेही पाहावे. फार घट्ट घेऊ नये, आतला भराव दबला की हवा गेली.

वरचे कापड फार पातळ असते. ते पाण्याचे चार थेंब झटकते, मुसळधार पाऊस नाही. त्यासाठी वेगळा पावसाळी कोट लागतोच. खडकाला घासले तर फाटते, शेकोटीची ठिणगी पडली तर भोक पडते. शिवण पाहा. टाके आरपार असले तर त्या रेषेतून थोडी थंडी शिरते, पण हलक्या जॅकेटात तसेच असते. टाक्यातून पिसे डोकावत असतील तर मात्र ते घेऊ नका.

आणखी एक सांगते. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर हिवाळ्यात मुक्काम करायला एवढा खर्च करू नका. तिथे स्वेटर आणि वर वारा अडवणारा पातळ कोट पुरतो.

मे 2024 मध्ये मुलीने मलाही हर की दूनच्या वाटेवर नेले. कृत्रिम कापसाचे तेच 420 ग्रॅमचे जॅकेट माझ्या पाठपिशवीत होते. एका दुपारी गारा आल्या, सगळ्या जणी भिजलो. तंबूत शिरून कोरडे कपडे घातले, वर जॅकेट चढवले, आणि घटकाभरात चहा करायला लागले. बाहेर गारांचा सडा होता आणि मला ऊब होती. तेव्हा मुलीकडे पाहून डोळे भरून आले.

जपानच्या जुन्को ताबेई 16 मे 1975 रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या. तिथे पोहोचणारी ती पहिली स्त्री. घरी तीन वर्षांची मुलगी होती. पंधरा बायकांच्या त्या तुकडीजवळ पैसा थोडा. त्यांनी मोटारीच्या आसनांच्या आवरणांतून हातमोज्यांवर घालायच्या खोळी केल्या आणि चीनमधून पिसे आणून झोपायच्या पिशव्या स्वतः शिवल्या. दुलई भरणाऱ्या आणि गोधडी शिवणाऱ्या हातांना हे परके नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी जशी आपण मंडळात ठेवतो, तशी वेगवेगळ्या मापांची सहा जॅकेटे मंडळाने घ्यावीत. वर्षातून आठ दिवस लागणारी वस्तू घरोघरी कशाला? वहीत नोंद करून द्यावीत. परत येतील तेव्हा सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावीत, पिळू नयेत, सावलीत पूर्ण वाळवावीत, गोळे झाले असतील तर बोटांनी सोडवावेत. घडी दाबून ठेवू नयेत, कपाटात सैल टांगावीत. हे काम मी आनंदाने अंगावर घेते.

आणि ते पहिले जाड जॅकेट? ते आमच्या इमारतीच्या रखवालदाराला दिले. रात्रभर खुर्चीवर बसून राहणाऱ्याला ते उत्तम आहे. वस्तू वाईट नव्हती, मी ती चालणाऱ्या मुलीच्या अंगावर घातली, एवढेच चुकले.