आकाशात वाट कोणी द्यायची?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाची बैठक सोडून हे विमानांचे काय काढले, असे काही जण म्हणतील. पण फवारणीचे ड्रोन शेतावर येऊन पोचले आहेत. आत माणूस नसलेले यंत्र समोरून येणाऱ्याला ओळखते कसे, टाळते कसे, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमाने आकाशात समोरासमोर धडकली. सौदीचे विमान दिल्लीहून निघून १४ हजार फुटांवर होते. कझाकस्तानचे दिल्लीला उतरायला येत होते. त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितले होते, ते त्याच्याही खाली आले. ३४९ माणसे गेली. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला वाट एकच होती. दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे.

वैमानिकाला डोळे नव्हते का? होते. पण हिशेब करा. ताशी ८०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन विमाने १० किलोमीटरचे अंतर २२-२३ सेकंदांत संपवतात. त्यात गंमत अशी की जे विमान काचेत इकडून तिकडे सरकताना दिसते, त्याची भीती नाही. धडकणार असते ते एका जागी ठिपक्यासारखे चिकटून राहते आणि नुसते मोठे होत जाते. माणसाची नजर नेमकी त्याच्यावरूनच घसरते.

म्हणून विमानात टीकॅस नावाचे यंत्र आले. ते रेडिओवरून हाळी देते. दुसऱ्या विमानातले यंत्र ओ देते आणि आपली उंची सांगते. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. गाठ पडायला १५ ते ३५ सेकंद उरले की यंत्र हुकूम सोडते. पायवाटेवर समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा अडतात, तसे होऊ नये म्हणून दोन्ही यंत्रे आपसात ठरवतात: तू वर, मी खाली.

हुकूम मात्र पाळला पाहिजे. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर रशियन विमानाला यंत्र सांगत होते वर जा, जमिनीवरचा नियंत्रक सांगत होता खाली ये. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राचे ऐकून खालीच येत होते. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती.

बिनमाणसाच्या विमानात ऐकणारा आणि वळवणारा यंत्रच. त्यासाठी अमेरिकेत नवी पद्धत बांधली आहे. लाखो गाठी संगणकावर घडवून, कोणत्या वेळी काय केले म्हणजे निभावते त्याचा तक्ता आधीच तयार ठेवायचा. व्यापाऱ्याच्या रेडी रेकनरसारखा. यात वर-खाली जाण्याबरोबर डावी-उजवीकडे वळणेही आहे.

खरी अडचण पुढेच आहे. हाळीला ओ न देणाऱ्याचे काय? पक्षी, छत्रीवर उडणारा, यंत्र न बसवलेले लहान विमान? त्यांच्यासाठी स्वतःचा डोळा लागतो: रडार, कॅमेरा. आफ्रिकेत रुग्णालयांना रक्त पोचवणाऱ्या झिपलाइन कंपनीने ड्रोनला कानच बसवले. मायक्रोफोनवर दुसऱ्या विमानाचा आवाज ऐकून ते वळते. असा डोळा-कान महाग आणि वजनदार. वजन वाढले की माल कमी.

मग पळवाट निघते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने प्रस्ताव मांडला: काही हद्दी सोडल्या, तर जे विमान आपली जागा रेडिओवर सांगत नाही, त्याच्यापुढे वाटेचा हक्क ड्रोनचा. म्हणजे माणूस बसलेल्या विमानाने यंत्राला वाट द्यायची! याला फवारणीच्या वैमानिकांच्या संघटनेने हरकत घेतली. (याच अमेरिकेत, लुइझियानातल्या टल्लूला गावी, १९२२ पासून कापसावर विमानातून भुकटी मारण्याचे प्रयोग झाले.) पिकाला जवळजवळ टेकून उडणारा माणूस चिमुकला ड्रोन कसा पाहणार? आमच्या मते उलट पाहिजे. ज्याचे यंत्र, डोळ्याचा खर्च त्याचा.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी परवानगी लागत नाही. फवारणीचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरच असतो, चालवणारा बांधावर उभा असतो. त्याचा लहानसा रडार पिकापासूनची उंची धरायला आणि पुढचे झाड टाळायला असतो. विजेची बारीक तार त्याला झाडाइतकी सहज दिसत नाही. पण सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणात विकाराबादला औषधे नजरेपलीकडे नेण्याचे प्रयोग झाले. त्याच हवेत उद्या एकाचा फवारणीचा आणि दुसऱ्याचा मालाचा ड्रोन भेटतील.

तेव्हा ड्रोनवाला गावात आला की भाव ठरवण्याआधी एवढे विचारा: याला समोरचे काय दिसते, काय दिसत नाही? नुकसान झाले तर विमा कोणाचा? आणि शेतातल्या तारा, खांब, विहिरीवरचे पंपाचे जोड त्याला आधी स्वतः फिरून दाखवा.