बिरवाडीचे डॉक्टर



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ हा विषय दिला होता. तो आपली मुलंच आपल्याला जास्त चांगला सांगतील. मी डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल बोलणार आहे.

आपण आठवीत होतो, 1993 साल. वर्गातल्या एकीचा धाकटा भाऊ विंचू चावून गेला. आधी मांत्रिकाकडे नेलं, मग दवाखान्यात. लाल विंचू, त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणाले. ती आज इथे बसली आहे; तिला विचारूनच बोलते आहे.

बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली धडधाकट माणसं तोंडाला गुलाबी फेस येऊन दगावत होती आणि पुस्तकात खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टर खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय किती गार, सगळं टिपत. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी लॉग बघतात. इथे लॉग लिहिणारा आणि वाचणारा एकच, तोही रात्रभर जागा! मध्ये पुण्याला एम.डी. केलं आणि परत महाडलाच आले.

विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांनी प्राझोसिन दिलं. रक्तदाबाची साधी गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला अडतं ते दुसरीकडेच. या गोळीबद्दल लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये 1986 साली छापून आलं होतं. महाड आपल्यापासून एसटीने दोन तास. सात वर्षांत ती गोष्ट आपल्या गावात कुणाला माहीत नव्हती.

म्हणून मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेत आणि गिरणीपाशी फलक लावावेत, असं सुचवते: विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर थेट दवाखाना. मजकूर आपल्यातल्या डॉक्टरांनी तपासावा. आणि दर उन्हाळ्याआधी आरोग्य केंद्राला फोन करून गोळ्या आहेत का, हे कुणीतरी विचारायला हवं. येत्या मार्चचा फोन मी करते. पुढच्या वर्षीसाठी नाव द्या.