लाटांवरची दोन याने



वेदगंगेकाठच्या माणसाने समुद्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण सापेक्ष गतीचा पहिला पाठ मला बेळगाव स्थानकावर मिळाला : शेजारची गाडी हलली आणि आपलीच सुटली असे वाटले. समुद्रात असा भ्रम जिवावर बेततो.

१९५९ साली क्रिस्टोफर कॉकरेल यांच्या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडली. हवेच्या गादीवरचे हे हलके यान लाटेबरोबर वर-खाली होते. उलट, आपल्या नौदलात २००७ साली दाखल झालेली ‘जलाश्व’ सुमारे १७० मीटर लांब आहे. आठ सेकंदांच्या आवर्तनाची लाट खोल पाण्यात सुमारे १०० मीटर लांब असते. जहाजाखाली माथा आणि खळगा एकाच वेळी येतात व त्यांचा परिणाम बराचसा परस्परांत विरतो.

अशा जहाजाच्या पोटात मागील दाराने हॉवरक्राफ्ट घेताना खरी कसोटी लागते. यान एक मीटर वर जाताना जहाजाची कड अर्धा मीटर खाली आली, तर फरक दीड मीटरचा. दोन्ही एकदम वर गेली, तर अर्ध्याच मीटरचा. लाटेच्या उंचीइतकाच हालचालींचा मेळ महत्त्वाचा. म्हणून जहाजाची दिशा साधावी लागते आणि चालकाला योग्य क्षण.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्या गुरुजींनी गतीचे गणित सोडवण्याआधी ‘कोणाच्या दृष्टीने?’ हे विचारायला शिकवले. सीमेवर राहणाऱ्या आपणांस तो प्रश्न वर्गाबाहेरही उपयोगी पडला आहे. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.