विचारत विचारत बेंगळूरु



या सभागृहातील अनेक घरांमधला एखादा मुलगा किंवा मुलगी आज बेंगळूरुला नोकरीस आहे. सुटी संपली की आई डबे भरते, वडील गाडीची वेळ विचारतात. मग एखाद्या वर्षी तो मुलगा सांगतो, "या वेळी रेल्वे नको. मोटारसायकलने जातो. एकटाच." घरात क्षणभर शांतता पसरते आणि पहिला प्रश्न येतो, "एकटा?" आजच्या व्याख्यानाचा विषय हा एका शब्दाचा प्रश्न आहे. कारण पुणे ते बेंगळूरु या सुमारे साडेआठशे किलोमीटरांच्या वाटेवर चहाच्या टपरीपासून मुक्कामाच्या लॉजपर्यंत हाच प्रश्न प्रवाशाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. घरी त्या प्रश्नात काळजी असते. वाटेवर त्यात कुतूहल असते, आणि पुष्कळदा मदतीची तयारीही असते.

पहाटे पुणे सोडले की शिरवळजवळ नीरा लागते, पुढे खंबाटकीचा घाट, मग सातारा, कराड, कोल्हापूर. इथपर्यंत सारे ओळखीचे असते. दोन्ही बाजूंना ऊस, पाट्या मराठी आणि चहावाल्याशी बोलायला आपलीच भाषा. एकट्या प्रवाशाचा दिवस फार साध्या गोष्टींनी भरलेला असतो. चाकातली हवा पाहणे, दर दीडदोन तासांनी उतरून पाठ मोकळी करणे, पाण्याची बाटली भरून घेणे, ढग पाहून रेनकोट अंगावर चढवावा की नाही हे ठरवणे. सोबत कोणी असले की या निर्णयांची वाटणी होते. एकट्याला ते सगळे स्वतःच घ्यावे लागतात आणि चुकले तर दोष द्यायलाही दुसरे कोणी नसते. मोठेपण म्हणजे काय, हे दोन दिवसांत शिकवणारी अशी शाळा दुसरी नाही.

कोल्हापूरच्या अलीकडे पंचगंगा ओलांडावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये याच नदीच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. त्यांचे चालक दूरदूरच्या राज्यांतले होते, आणि कित्येकांना मराठीचा एक शब्दही येत नव्हता. आसपासच्या लोकांनी त्यांच्यापर्यंत जेवण आणि पाणी पोहोचवले. घरी बसलेल्या पालकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले मूल परक्या मुलखात अडकले तर कोण विचारील, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मुलखाने दिलेले आहे. परक्याचे मूल आपल्या दारात अडकले तेव्हा आपल्या माणसांनी विचारपूस केली.

कागल मागे पडले की राज्याची सीमा येते आणि निपाणी लागते. पाट्यांवरची लिपी बदलते. जे अक्षर आजवर न कळत वाचले जात होते, ते एकाएकी केवळ चित्र बनते. शिकलेल्या माणसाला निरक्षर होण्याचा अनुभव क्वचित येतो आणि तो नम्र करणारा असतो. हातातला नकाशा रस्ता दाखवतो, हे खरे. पण पंक्चर झालेले चाक नकाशाला दुरुस्त करता येत नाही, आणि पुढचा पूल पाण्याखाली आहे हे गावकऱ्याला आधी कळते. तिथे माणसालाच विचारावे लागते. 'दारि' म्हणजे वाट, 'एडक्के' म्हणजे डावीकडे, 'बलक्के' म्हणजे उजवीकडे, 'नीरु' म्हणजे पाणी. एवढे चार शब्द तोंडात असले तरी समोरच्याचा चेहरा उजळतो. उच्चार चुकला तर तो हसतो आणि सुधारून देतो. त्या हसण्याचा राग ज्याला येत नाही, त्याचा पुढचा प्रवास सोपा होतो.

मग हळूहळू ध्यानात येते की ही भाषा वाटली तितकी परकी नाही. घरात ज्याला तूप म्हणतात, त्याला इथे 'तुप्प' म्हणतात. अण्णा आणि अक्का या हाका दोन्हीकडे सारख्याच. हुबळीच्या एखाद्या दुकानात 'गिरमिट' मागवले की लाकडाला भोक पाडण्याचे हत्यार येत नाही. कांदा, टोमॅटो आणि मसाला घालून कालवलेल्या चुरमुऱ्यांची बशी समोर येते. पुढे हावेरी जिल्ह्यात ब्याडगी नावाच्या गावाची पाटी दिसते आणि आईच्या तिखटाच्या डब्यातली बेडगी मिरची कुठून येते, याचा उलगडा होतो. लहानपणापासून रोज उच्चारलेला तो शब्द म्हणजे एका गावाचे नाव होते, हे रेल्वेत झोपून जाणाऱ्याला कळत नाही.

हुबळी-धारवाड हा या वाटेचा जवळजवळ मध्य. बहुतेक एकटे प्रवासी इथेच मुक्काम करतात, आणि शहाणे प्रवासी अंधार पडण्यापूर्वी करतात. धारवाडच्या साधनकेरीत कन्नडचे श्रेष्ठ कवी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. त्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. कविता त्यांनी कन्नडमध्ये लिहिली आणि १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कन्नड काव्यसंग्रहाला मिळाला. मराठीतही त्यांनी लेखन केले. मराठी माध्यमात शिकवले तर मूल बाहेरच्या जगात मागे पडेल, ही चिंता या सभागृहातील अनेक पालकांनी कधी ना कधी केली असेल. बेंद्रे यांच्यासारखी प्रतिभा सर्वांना लाभत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट होते: घरची भाषा पक्की असणे ही दुसऱ्या भाषेच्या वाटेतली धोंड नव्हे.

दुसऱ्या दिवशी हरिहरला तुंगभद्रा ओलांडली की दावणगेरे येते. लोण्याच्या डोशासाठी हे शहर प्रसिद्ध आहे, पण मराठी माणसाने इथे आणखी एक आठवण करावी. याच जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. ज्यांचे अवघे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले, त्यांचाही शेवट असा व्हावा! एकट्या प्रवाशाने इथे स्वतःला बजावावे की सराव म्हणजे सुरक्षितता नव्हे. पुढे चित्रदुर्गाच्या परिसरात डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. वारा आडवा येतो, रस्ता सरळ आणि मोकळा असतो आणि वेग नकळत वाढतो. शिरस्त्राणाचा पट्टा आणि मनाचा लगाम, दोन्ही तिथे तपासून पाहावेत.

हिरियूर, शिरा, तुमकूरु करीत संध्याकाळी बेंगळूरु येते. केंपेगौडांनी वसवलेले हे शहर १६३८ च्या सुमारास आदिलशाही फौजेने घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराची कीर्ती ऐकून जयराम पिंड्ये नावाचा नाशिककडील कवी इथे पोहोचला. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील वर्णनानुसार जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशासाठी, तर हा कवी बारा भाषांत कविता करतो म्हणून. वाटखर्चाला त्याने काय घेतले होते, कोणत्या घाटात तो थांबला, कोणाला त्याने रस्ता विचारला, हे त्या काव्यातून कळत नाही. मात्र लांबच्या वाटेवरून आलेला माणूस सोबत काय घेऊन पोहोचतो, ते कळते. तो भाषा घेऊन पोहोचतो.

आजच्या बेंगळूरुत एका चौकात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि हिंदी कानांवर पडतात. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, आणि तिथे गेले की पुन्हा मराठी ऐकू येते. नव्याने आलेल्याला तो मोठा आधार असतो. परंतु जो दोन दिवस विचारत विचारत आला, तो केवळ त्या आधारावर राहत नाही. ज्या शहरात विमानाने उतरलेला वर्षभर शेजाऱ्याचे नाव विचारत नाही, तिथे हा पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अक्कांशी मोडक्या कन्नडमध्ये बोलू लागतो. "ऊट आयिता?" म्हणजे "जेवण झाले का?" हा प्रश्न त्याला कोणीतरी विचारतो आणि घर सोडल्यानंतर प्रथमच त्याला घरच्यासारखे वाटते.

प्रवासाची नोंद ठेवण्याची सवयही शाळेने लावावी. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेल्या प्रवासाची हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिली आणि चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ मध्ये छापली. ती लिहिली गेली नसती, तर एका भिक्षुकाने पाहिलेली झाशी मराठीला मिळाली नसती. प्रत्येक प्रवासाला असा प्रसंग लाभत नाही. पण कोणी पाणी दिले, कुठे चाक पंक्चर झाले, कोणता शब्द शिकलो, या चार ओळी रोज रात्री लिहिण्यासारख्या असतातच.

पालकहो, या वाटेवर धोके नाहीत असे कोणीही म्हणणार नाही. मुलगी एकटी निघाली तर काळजी दुप्पट होते आणि ती अनाठायीही नसते. म्हणून मुक्काम आधी ठरलेला असावा, गाडी तपासलेली असावी, दिवसाउजेडी पोहोचावे आणि पोहोचताच घरी कळवावे. या अटी जरूर घालाव्यात. त्या मान्य झाल्यावर मात्र वाट अडवू नये. डब्यात लाडू द्यावेत आणि ते वाटेत कोणाला तरी देण्याइतके जास्त द्यावेत.

साठ वर्षे या शाळेने मुलांना उत्तरे द्यायला शिकवले. वर्गात हात वर करून प्रश्न विचारायलाही तिनेच शिकवले. अनोळखी गावात, अनोळखी भाषेत गाडी बाजूला घेऊन "दादा, वाट कुठली?" असे न लाजता विचारणारा माजी विद्यार्थी वर्गातला तोच धडा पुढे चालवत असतो. घरच्या "एकटा?" या प्रश्नाला तोच उत्तर देऊ शकतो: निघताना एकटा होतो, पोहोचेपर्यंत तसा राहिलो नाही.