सेवनहिलचा द्राक्षमळा
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



मिस्साबलीच्या वेळीं वेदीवर जो द्राक्षारस अर्पण होतो, तो कोणाच्या हातांनीं सिद्ध होतो, हा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. म्हणून आज अशाच एका लहानशा मळ्याचा वृत्तांत आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

हा मळा दक्षिण ऑस्ट्रेलियांत, अ‍ॅडलेड शहराच्या उत्तरेस सुमारें १३० किलोमीटरांवर, क्लेअर खोऱ्यांत आहे. १८४८ सालीं येशूसंघीयांस ऑस्ट्रिया देश सोडावा लागला. त्याच वर्षीं सायलेशियांतील फ्रान्झ वायकर्ट नांवाचा शेतकरी कांहीं कॅथलिक कुटुंबें घेऊन ऑस्ट्रेलियास निघाला. त्यांच्या आध्यात्मिक सेवेसाठीं फादर क्रानेविटर व फादर क्लिंकोव्हस्ट्रोम हे येशूसंघीय जहाजावर होते. प्रवासांतच मंडळींत फूट पडली, आणि किनाऱ्यास लागतांच पुष्कळांनीं आपापली वाट धरली. फादर क्लिंकोव्हस्ट्रोम लौकरच युरोपास परतले. फादर क्रानेविटर मात्र उरलेल्या मूठभर लोकांबरोबर राहिले.

१८५१ सालीं १०० एकर जमीन घेण्यांत आली. रोमच्या सात टेकड्यांच्या स्मरणार्थ तिला 'सेवनहिल', म्हणजे 'सात टेकड्या', असें नांव मिळालें. तेथें द्राक्षवेली लावल्या, त्या व्यापाराकरितां नव्हे, वेदीकरितां. मिस्साबलीचा द्राक्षारस निर्भेळ द्राक्षांचाच असावा व तो नासलेला नसावा, असा धर्मसभेचा दंडक आहे. मग महिनोन्महिने समुद्रावर हिंदकळत येणाऱ्या पिंपावर भिस्त ती किती ठेवावी?

ह्या कामीं ब्रदर जॉन श्रायनर ह्यांनीं आपले कष्ट वेचले. ते तेथील पहिले द्राक्षारसकार. त्यांच्यामागें आणखी सहा येशूसंघीयांनीं एकामागून एक ती धुरा वाहिली. १८६४ सालीं आरंभिलेलें संत अलॉयशियस ह्यांचें ख्रिस्तमंदिर १८७५ सालीं पुरें झालें. त्याच्या तळघरांत कित्येक येशूसंघीय चिरनिद्रा घेत आहेत. १८५६ सालीं निघालेलें विद्यालय १८८६ सालीं बंद पडलें. विद्यालय गेलें, मळा राहिला. पुढें भोजनाचा द्राक्षारसही तेथें होऊं लागला. तरी वेदीची सेवा १५० वर्षांहून अधिक काळ सुटली नाहीं.

बंधुभगिनींनो, महोत्सवांत आपण प्रवचनकारांचीं व मंदिर उभारणारांचीं नांवें घेतों, तें योग्यच. परंतु कुदळ घेऊन वेलीच्या मुळाशीं राबणाऱ्या ब्रदरचें नांव कोण घेतो? आपल्याही धर्मग्रामांत वेदीचीं वस्त्रें धुणारे, मेणबत्त्या लावणारे, घंटा वाजविणारे हात आहेत. आज त्यांचेंही कृतज्ञतेनें स्मरण करूं या.